क्रूझची तयारी बुकिंगच्या आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत पहिल्या क्रूझ सहलीवरचा लेख वाचला. फोटो सुरेख होते. पण त्यातली तयारी म्हणजे गॉगल, टोपी, सनस्क्रीन आणि रात्रीच्या पार्टीचे कपडे, एवढीच. बॅग भरणे हे या सहलीतले सगळ्यात शेवटचे आणि सगळ्यात सोपे काम. सहल सुखाची होणार की मनस्तापाची, हे पैसे भरायच्या आधीच ठरलेले असते आणि त्याविषयी ना जाहिरातीत काही असते, ना लेखात.

मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. आमच्या ठाण्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघाने गेल्या हिवाळ्यात मुंबई-गोवा क्रूझ करायचे ठरवले, तेव्हा 'तुम्हाला गाड्या सोडायची सवय आहे' असे म्हणून सगळी व्यवस्था माझ्या गळ्यात मारली गेली. गळ्यात पडलेच आहे तर नीट करू, म्हणून वही घेऊन बसलो. त्या वहीतलेच काही इथे लिहितो.

पहिला मुद्दा पैशांचा. आमच्याकडे आलेल्या एजंटाच्या पत्रकावर माणशी दर ठळक छापलेला होता. तो दर एका केबिनमध्ये दोघे राहणार असे धरून होता. त्यावर बंदराचे शुल्क, जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठीची सेवा-रक्कम आणि जीएसटी वेगळा. मी त्याला म्हटले, सगळे धरून खिशातून जाणारा अखेरचा आकडा कागदावर लिहून दे. तेवढ्यासाठी बरीच फोनाफोनी करावी लागली. जहाजावर चढल्यावरही खर्च असतोच. जेवण-नाश्ता तिकिटात धरलेला असला तरी मद्य, खास रेस्टॉरंट, वाय-फाय, स्पा, बंदरावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. जहाजावर रोख चालत नाही. केबिनची किल्ली म्हणून मिळणाऱ्या कार्डावर सगळे चढत जाते आणि उतरताना बिल हातात पडते. नातवंडे बरोबर असतील तर त्या कार्डाकडे लक्ष ठेवावे.

यातला सगळ्यात टोचणारा भाग एकट्या माणसाचा. ज्येष्ठ नागरिक संघ म्हटला की त्यात जोडीदार गेलेले सभासद असणारच. एकट्याने केबिन घेतली तर जवळजवळ दोघांचे पैसे मोजावे लागतात. आमच्या काही भगिनी हे ऐकूनच मागे हटल्या होत्या. मग एकमेकींच्या सवयी विचारून जोड्या लावल्या: कोण पहाटे उठते, कोण घोरते, कोणाला रात्री दिवा लागतो. सोयरीक जुळवताना एवढी चौकशी कोणी करत नसेल! पण त्या जोड्या उत्तम जमल्या.

एजंट स्वस्तातला पर्याय म्हणून चौघांची केबिन सुचवतात. त्यात दोन पलंग खाली असतात आणि दोन वरून उघडणारे, शिडीने चढायचे. रेल्वेत ज्येष्ठांसाठी लोअर बर्थचा कोटा तरी असतो, इथे तसे काही नाही. सत्तरीच्या माणसाने रात्री लघवीला उठून हलत्या जहाजात शिडी उतरायची, हे चित्र डोळ्यांसमोर आणा आणि मग दरातला फरक बघा. आम्ही चौघांची केबिन एकही घेतली नाही.

केबिन कुठे आहे, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही. सगळ्यांची चर्चा खिडकी हवी की बाल्कनी. आतली केबिन स्वस्त पडते, पण तिला खिडकी नसते, दिवस की रात्र हे घड्याळाला विचारावे लागते. ज्यांना बंद खोलीत घुसमटते त्यांनी तिथे पैसे वाचवू नयेत. पण बोट लागण्याची, म्हणजे समुद्रात मळमळण्याची, भीती असेल तर खिडकीपेक्षा जागा महत्त्वाची. जहाजाचा मधला भाग आणि खालचे मजले सगळ्यात कमी हलतात. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, आणि उंच मजल्यांवर झोके जास्त. प्रत्येक मजल्याचा नकाशा मिळतो, तो मागून घ्यावा. आपल्या डोक्यावर नाचाचा हॉल किंवा पोहण्याचा तलाव नाही ना, हेही त्यात दिसते. 'केबिन नंबर नंतर कळेल' असे सांगून थोडी सूट देतात. तरुणांनी ती खुशाल घ्यावी, आमच्यासारख्यांनी घेऊ नये.

बोट लागण्याबद्दल आमच्यातल्या कोकणातल्या मंडळींना सांगावे लागले नाही. भाऊच्या धक्क्यावरून निघणाऱ्या जुन्या आगबोटीतून रत्नागिरी, देवगड, मालवणला गेलेली ही पिढी. १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर बुडालेल्या 'रामदास' बोटीच्या गोष्टी त्यांनी घरात ऐकलेल्या. सहाशेहून अधिक माणसे गेली त्यात. त्यामुळे एक-दोघे 'समुद्र नको' म्हणूनच बसले होते. मी त्यांना आधी मुंबईहून मांडव्याला माणसे आणि गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने नेले. तासाभराची फेरी, चहा प्यायचा, वरच्या डेकवर बसायचे, परत यायचे. मोठ्या जहाजाला दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे ते डोलते कमी. तरीही आपल्या पोटाचा स्वभाव रो-रोवर थोडाफार कळतो. ज्यांना मळमळले त्यांनी डॉक्टरांकडून गोळी लिहून घेतली. ती उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही, आधी घ्यायची असते. गुंगीही येते, म्हणून रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने घेऊ नये.

ऋतूचे तर पूर्वजांनीच ठरवून ठेवले आहे. पावसाळ्यात रत्नागिरी-मालवणकडच्या आगबोटी बंद असत, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की कोळी बांधव होड्या लोटत. गेल्या काही वर्षांत मुंबईचे क्रूझ जहाजही पावसाळ्यात चेन्नईच्या बाजूला जाते. पहिल्यांदा जाणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरावा. शाळेच्या सुट्ट्या टाळल्या तर गर्दी आणि दर दोन्ही कमी.

कागदपत्रांत आमच्याकडे जो घोळ निघाला तो घरोघरी निघेल. बुकिंगवरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव अक्षरशः एक हवे. आपल्याकडे बायकांचे लग्नात नाव बदलते, आधारवर एक, बँकेत दुसरे, संघाच्या वहीत तिसरे. पुरुषही कमी नाहीत; सगळे ज्यांना 'अण्णा' म्हणतात त्यांचे खरे नाव मला त्या दिवशी कळले. प्रत्येकाचे ओळखपत्र समोर ठेवूनच नावे लिहिली. परदेशातून सुटणाऱ्या जहाजाला जायचे असेल तर पासपोर्टची मुदत सहलीनंतर सहा महिने तरी उरलेली हवी आणि व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा हवा. सिंगापूरहून निघून मलेशियाला जाऊन परत सिंगापूरला आलात म्हणजे तुम्ही त्या देशात दुसऱ्यांदा शिरता.

आता बॅग. मोठी बॅग मुंबईत बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर आपल्या हातून घेतात आणि ती केबिनच्या दारात काही तासांनी येते. म्हणून साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी केबिनमध्ये फ्रिज आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारावे. व्हीलचेअरची गरज असेल तर तेव्हाच सांगावे, कारण रुंद दाराच्या केबिन मोजक्याच असतात. आगीच्या भीतीने इस्त्री, पाणी उकळायची कॉइल, इलेक्ट्रिक किटली चालत नाही. घरचे खाणेही बहुतेक जहाजांवर आत सोडत नाहीत, तेव्हा चिवड्याचे डबे ठाण्यालाच ठेवून निघालो. या निर्णयाबद्दल मला आजही बोलणी खावी लागतात. उपवास असेल तर आधी कळवावे. शाकाहारी आणि जैन जेवण मिळते, पण साबुदाण्याची खिचडी मागितल्याशिवाय कोणी करणार नाही. संकष्टीचा चंद्रोदय मुंबईचा धरायचा की भर समुद्रातला, यावर आमच्याकडे झालेली चर्चा मी इथे देत नाही.

किनारा दूर गेला की आपले नेटवर्क जाते आणि फोन जहाजाचे उपग्रहावरचे नेटवर्क पकडू शकतो. त्याचे रोमिंग महाग. फोन फ्लाइट मोडवर टाकायला आम्ही सगळ्यांना संघाच्या सभागृहात शिकवले. ज्यांची मुले अमेरिकेतून रोज व्हिडिओ कॉल करतात त्यांना आधीच कळवायला लावले की अमुक दिवशी आई-बाबांचा फोन लागला नाही तरी घाबरू नका.

एका बाबतीत मात्र मी कडक होतो. जहाज सुटण्यापूर्वी सुरक्षेची कवायत असते: सात लहान भोंगे आणि एक लांब, मग ठरलेल्या जागी जमायचे, लाइफ जॅकेट कसे घालायचे ते बघायचे. अनेक जण त्या वेळी बुफेच्या रांगेत असतात. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळले आणि ३२ जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोपर्यंत झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची मुभा होती. पुढे नियम बदलून कवायत सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी करणे बंधनकारक झाले. एवढी किंमत मोजून आलेला नियम आहे, बुफे कुठे पळून जात नाही.

गोव्यात जहाज मुरगावला लागते. आमच्या मंडळींना बीचमध्ये रस नव्हता, मंगेशी आणि शांतादुर्गेचे दर्शन हवे होते. म्हणजे फोंड्यापर्यंत जाणे-येणे. जहाजावर परत हजर राहण्याची वेळ ही सुटण्याच्या वेळेच्या बरीच आधीची असते आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. डेपोत 'दोन मिनिटं थांबा हो, आमचे हे येताहेत' असे ऐकत माझी नोकरी गेली, इथे ते चालणार नाही हे मी बजावले होते. जहाजाने आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला तर सहसा वाट पाहतात. आपण केलेल्या टॅक्सीची जबाबदारी आपली. आम्ही टॅक्सीच केल्या, पण परतीची वेळ माझ्या हिशेबाने ठरवली आणि एक देऊळ कमी केले. काही जण नाराज झाले. त्यांची नाराजी मला चालते.

संपादक महोदय, माझी सूचना साधी आहे. पैसे घेण्याआधी कंपन्यांनी आणि एजंटांनी मराठीत एक पान द्यावे: करांसह अखेरचा दर, एकट्या माणसाचा दर, केबिनचा मजला आणि जागा, चालणारी ओळखपत्रे, आणि रद्द केल्यास कोणत्या तारखेनंतर किती पैसे कापणार. तारीख जवळ येते तशी ही कपात वाढत जाते आणि शेवटी काहीच परत मिळत नाही. आमच्या वयात अचानक रुग्णालयात भरती व्हावे लागणे नवलाचे नाही, म्हणून जुने आजार आणि सहल रद्द होणे या दोन्हींचा विमा आहे का, हेही त्याच पानावर असावे. आपल्या पुरवणीने क्रूझच्या जाहिरातींशेजारी असे एक पान छापले, तर फोटो थोडे कमी झाले तरी वाचक तक्रार करणार नाहीत.

आमचे सभासद आता लक्षद्वीपचे म्हणताहेत. मी वही पुन्हा उघडली आहे. तिथे मोठे जहाज बेटाला लागत नाही, बाहेर उभे राहते आणि माणसांना लहान होडीत उतरवून किनाऱ्यावर नेतात, जुन्या आगबोटीतून पडावात उतरायचे तसेच. लाट मोठी असली तर उतरणे रद्दही होते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांची यादी मी आधी मागवली आहे, दराचे नंतर बघू.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, ठाणे