क्रेम्सहून, नदीकाठाने

क्रेम्स, ऑस्ट्रिया
जुलैअखेर

ती. आई आणि बाबा,
सा. न.

पोचले. हे आधी, कारण आई, तू पत्र उघडून शेवटची ओळच आधी वाचतेस.

आज ग्राइनपासून क्रेम्सपर्यंत, साधारण 80 किलोमीटर. पासाऊहून निघाल्याचा हा चौथा दिवस. डॅन्यूब पूर्वेला वाहते आणि वाट तिच्या कडेकडेने हळूहळू उतरत जाते, म्हणून सामानाच्या दोन पिशव्या लादूनही सायकल जड लागत नाही. "एकटीच?" असं तू फोनवर तीनदा विचारलंस. हो, एकटीच. पण शेजारी दिवसभर नदी होती, रस्ता चुकायची भीती नव्हती.

बाबा, इब्सच्या धरणावरून पलीकडच्या काठाला गेले. 1959चं जलविद्युत केंद्र आहे, त्याच्यावरूनच सायकल नेता येते. मेल्कच्या अलीकडे मागचं चाक बसलं. सुटी ट्यूब होती, तरी मी पंक्चरच काढायचं ठरवलं. तुम्ही न्हाणीघरातल्या बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे दाखवायचा, तशी मी ती काठावर बसून डॅन्यूबमध्ये बुडवली. बारीक काच होती. घासलं, सोल्युशन लावलं, "वाळू दे, घाई करू नको" हे तुमच्याच आवाजात स्वतःला सांगितलं, मग ठिगळ दाबलं. क्रेम्सपर्यंत हवा टिकली.

मेल्कनंतर वाखाऊचं खोरं लागतं. दोन्ही अंगांना डोंगर, उतारावर दगडी बांध घालून लावलेल्या द्राक्षबागा आणि खाली जर्दाळूची झाडं. आई, इथे अख्खा जर्दाळू पिठात भरून उकडतात. पीठ चक्क्यासारख्या ताज्या चीजचं, वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा आणि साखर. हातात घेतल्यावर तुझ्या मोदकांची आठवण आली, पण खाल्ल्यावर नाही. दोन संपवले.

श्पिट्झला नदी ओलांडली ती बिनइंजिनाच्या नावेतून. नदीवर आडवी तार बांधलेली आहे, नाव तिला अडकवलेली. नावाडी सुकाणू वळवून नाव प्रवाहाला तिरकी धरतो आणि पाणीच तिला ढकलत पलीकडे नेतं. आवाज फक्त पाण्याचा. मी उतरले आणि त्याच नावेने परत अलीकडे आले, उगाच.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. पासाऊच्या नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्यात, प्रत्येकीपुढे साल. सर्वांत वर 1501. तिच्याखाली थोड्याच अंतरावर 2013, तेव्हा पाणी 12.89 मीटरवर गेलं होतं. मी मान वर करून बघत राहिले आणि मला आपली पुढची खोली दिसली. त्याच पुरात ग्राइन मात्र वाचलं. काठावर खांब रोवून त्यांच्यात ॲल्युमिनियमच्या फळ्या एकावर एक बसवतात, पाणी उतरलं की काढून ठेवतात. काल जिथे उतरले होते, तिथल्या आजी सांगत होत्या की सकाळी उठल्यावर चहाआधी त्या नदी बघतात. मी म्हटलं, माझी आईपण. पावसाळ्यात ती कृष्णेवरच्या आयर्विन पुलापर्यंत जाऊन येते.

बाबा, ऑगस्ट 2019मध्ये पुलापाशी 57 फूट पाणी होतं, ते सगळ्या सांगलीला पाठ आहे. आपल्या घरात किती होतं, ते फक्त आपल्याला माहीत. दिवाळीआधी तुम्ही भिंत खरवडून डिस्टेंपर लावलात. आईला ती रेघ बघवत नव्हती, म्हणून लावलात, हेही मला कळतं. पण ती पुन्हा काढा. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीला पाणी टेकलं होतं, तिथून धरा. बोटभर लांब पुरे, शेजारी साल लिहा. उद्या घर कुणाला भाड्याने दिलं, तर त्यांनी कपाट कुठवर भरायचं हे त्यांना कळू दे.

आणि सध्या कोयनेतून किती क्युसेक सोडताहेत, तो आकडा रोज सकाळी कळवत जा. खराच कळवा. मागच्या वेळी पाणी पायरीला लागलं होतं आणि तुम्ही दोघं फोनवर म्हणत होतात, "काही नाही गं, नेहमीचंच आहे."

उद्या तुल्न, परवा व्हिएन्ना.

तुमची लेक