दसऱ्याचा नीलकंठ

महोदय,

तेलंगणात दसऱ्याला 'पालापिट्टा', म्हणजे आपला नीलपंख, दिसणे शुभ मानतात. तो तिथला राज्यपक्षीही आहे. (नीलकंठ म्हणतात खरे, पण निळाई पंखांत असते, गळा तपकिरी!) दर्शनासाठी पैसे घेणारे मात्र त्याचे पाय बांधतात, पंख कापतात किंवा चिकटवतात. हा पक्षी किडे, नाकतोडे खाणारा. पिंजऱ्यात धान्य टाकले तरी उपाशीच राहतो. विकत घेऊन 'सोडलेला' पक्षी उडू शकत नाही, आणि त्या पैशांत पुढचा पकडला जातो. १९७२च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे. असा पक्षी महाराष्ट्रात आढळल्यास १९२६वर वनविभागाला कळवावे. तोवर भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवावा. चोचीत पाणी ओतू नये, चिकटलेली पिसे ओढू नयेत.

– एक पक्षीनिरीक्षक