अण्णांचे वाळूक

कोल्हापूर,
१४ जुलै

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार. अण्णांच्या वर्षश्राद्धाहून परतल्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, याची बोच रोज होती. आज मात्र लिहिल्यावाचून राहवेना. काल सकाळी माझ्या यंत्राने अण्णांच्या वाळकाचे रोप मारले, आणि त्यात एवढे वाईट वाटण्यासारखे काय आहे हे तुझ्याखेरीज कोणाला सांगूनही कळणार नाही. बाकी प्रकृती ठीक आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आईचे गुडघे तसेच आहेत.

यंत्र म्हणजे तेच, परसातल्या वाफ्यावरचे. रोरी अ‍ॅरोन्सनने फार्मबॉटची, म्हणजे वाफ्यावर रुळांवरून फिरत आपोआप शेतीची कामे करणाऱ्या यंत्राची, मूळ कल्पना २०१३ साली खुली केली, तिचे टिपण तूच मला पाठवले होतेस आणि ‘आपले कोळपे आता कॅलिफोर्नियात पोचले’ असे वर लिहिले होतेस. पेरणी आणि पाणी या दोन गोष्टी ते आता न चुकता करते. राहिली होती ती खुरपणी, आणि गेले आठ महिने माझ्या सगळ्या संध्याकाळी तिनेच खाल्ल्या.

पहिले औजार मी मूळ आराखड्याच्या धर्तीवरच केले होते. तीन मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेसच्या चार सळ्या एका चकतीत बसवल्या. तण दिसले की वरून दाबायचे आणि त्याला मातीत पुरायचे. कुंडीतल्या भुसभुशीत मातीत ते सुरेख चालले. पण माझ्या वाफ्यात पंचगंगेकाठची काळी माती आहे आणि तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. उन्हाळ्यात ती इतकी कडक झाली की उभ्या अक्षाची मोटर अडली आणि तिची मोजून टाकायची पावले हुकली. यंत्राच्या हिशेबात सहा मिलिमीटरची चूक शिरली, आणि त्यानंतर पेरलेली सगळी मेथी वरच्यावर पडून चिमण्यांनी वेचून नेली. वळवाचा पाऊस झाला तेव्हा उलटेच झाले. औजार यंत्राच्या खालीवर होणाऱ्या मुंडीला तीन चुंबकांनी धरलेले असते. चिकट मातीची ओढ त्या चुंबकांहून भारी ठरली, औजार चिखलातच उभे राहिले आणि रिकामी मुंडी वर निघून गेली. औजार जागेवर आहे की नाही हे पाहण्याची सोय मुंडी आणि औजार यांच्यातल्या बारा पिनांच्या विजेच्या जोडणीत आहे, पण ती तपासणी मी यंत्राच्या कामांच्या क्रमात घातली नव्हती. मी दुकानातून परत आलो तेव्हा मुंडी एकेका तणापाशी थांबून खाली वाकत होती आणि पुन्हा वर जात होती. आई पायरीवर बसून बघत होती. ती म्हणाली, ‘मघापासून नमस्कार करतंय बघ, देव कुठं पुरलाय ते विचार त्याला.’

दुसऱ्या औजारासाठी हॅक्सॉचे पाते तोडून, तापवून आणि वाकवून कोळप्याला असते तशी आडवी पास, म्हणजे माती कापणारे पाते, केली. ही तुझी कल्पना होती, हे मी आज लेखी मान्य करतो. शेवटच्या वर्षीच्या प्रोजेक्टमध्ये तण कापायचे की उपटायचे यावरून आपण तीन आठवडे बोललो नव्हतो आणि शेवटी माझ्या हट्टाने ते उपटणारे रूळ बसवले, जे परीक्षकांसमोर एकही काडी उपटू शकले नाहीत. तुझी पास मातीखाली दहा मिलिमीटरवरून छान कापत गेली, पण अर्धा वाफा झाल्यावर तिच्यापुढे मातीचा ढीग साचला, आडव्या ओढीने मुंडी कलली आणि पट्ट्याचे दात उडू लागले. ज्या यंत्राचा सगळा भार दोन पट्टे आणि चार लहान मोटरी पेलतात, त्याच्याकडून बैलाचे काम घेता येत नाही.

मग मला अण्णांचे वाक्य आठवले: ‘तण दिसायच्या आत कोळपं फिरलं पाहिजे.’ बी नुकते फुटलेले असते, मातीत पांढरा दोरा असतो, तेव्हा त्याला ना कापावे लागते ना उपटावे. जागेवरून हलवून उन्हात टाकले की दुपारपर्यंत ते वाळते. एवढ्याला जोर लागत नाही, फक्त वेळेवर जावे लागते, आणि वेळेवर जाण्यात हे यंत्र माणसाहून सरस आहे. म्हणून तिसरे औजार वेगळेच केले. चोवीस व्होल्टची गिअरची लहान मोटर घेतली. तिच्याखाली उद्यमनगरात लेथवर करून घेतलेली पितळी बुशी बसवली, आणि बुशीत दोन मिलिमीटरच्या स्प्रिंगच्या तारेचे सहा वाकवलेले दात घातले. दगड आला तर दात लवतो आणि पुढे सरकतो. ते वरची एक सेंटिमीटर माती ढवळते, त्याहून खोल जात नाही. आई त्याला रवी म्हणते, आणि आता मीही तेच म्हणतो. दर तिसऱ्या दिवशी पहाटे, पेरलेल्या रोपांच्या जागा सोडून, रवी सगळा वाफा घुसळून येते. दीड महिन्यात घोळ, केना, दुधी यांचे नाव उरले नाही. लव्हाळ्यापुढे मात्र ती हरली. त्याच्या गाठी खोल असतात आणि वरचा शेंडा गेला की तो आणखी जोमाने फुटतो. त्याच्यासाठी आईचे खुरपेच आहे.

आता कालचे. गेल्या वर्षी अण्णांनी दिलेल्या बियांचे एक वाळूक वाफ्याच्या ईशान्य कोपऱ्यात वेलीवरच पिकून फुटले होते आणि मी ते तसेच राहू दिले होते. परवा संध्याकाळी तिथे काहीही दिसत नव्हते. काल रवी धुताना तिच्या एका दातात कोवळा कोंब अडकलेला सापडला. दोन जाड दले, त्यांतले एक फाटलेले, आणि दुसऱ्याला बियाचे पांढरे टरफल अजून चिकटलेले. टरफलावरूनच ओळखले. पुढे बराच वेळ मी ते तळहातावर घेऊन नळापाशी उभा होतो.

नंदू, चूक यंत्राची नाही. पेरले तेवढे पीक आणि उरलेले सगळे तण, एवढेच मी त्याला शिकवले आहे. कॅमेरा हिरवा ठिपका पाहतो आणि नकाशात तिथे काही नोंदलेले नसेल तर त्याला तण म्हणतो; रवी तर पाहतसुद्धा नाही. घर झाडणारा रूम्बा ज्याने घडवला त्या जो जोन्सने पुढे टर्टिल नावाचे सौरऊर्जेवर चालणारे तणयंत्र काढले. त्याचा नियमही साधाच आहे, बुटके ते तण. लहान रोप वाचवायचे तर माणसाने त्याच्याभोवती तारेचे कडे ठोकायचे. पण जे आले आहे हेच माहीत नाही, त्याला कडे कोण ठोकणार? अडचण इथेच आहे. मारायला सोपे असते तेव्हा ते ओळखू येत नाही आणि ओळखू येते तेव्हा ते सहज मरत नाही. अण्णा कोळपे मध्येच उचलून एखादे आपोआप उगवलेले रोप चुकवायचे आणि विचारले तर ‘असू दे’ एवढेच म्हणायचे. ते ‘असू दे’ औजारात कसे घालायचे, याचा मी काल रात्रभर विचार केला. रवीच्या आधी कॅमेरा फिरवून जाड दलांचे कोंब वेगळे काढता येतील, कारण तणांची दले सहसा बारीक असतात. पण मातीने माखलेले एक दल आणि खडा यांत त्याला फरक कळेल असे मला अजून वाटत नाही. तूर्त ईशान्येचा हातभर कोपरा नकाशातून काढून टाकला आहे. तिथे रवी जात नाही. तिथली खुरपणी मी हाताने करीन.

तुझी चाकणची बदली झाली का? वहिनींची शाळा सुरू झाली असेल. अवनीला बारावीसाठी माझे आशीर्वाद सांग. तिला भौतिकशास्त्रात काही अडले तर रात्री नऊनंतर फोन करू दे.

आणि एक काम. गावच्या घरात माडीवर, कणगीमागे, अण्णा राखेत बी ठेवायचे तो पत्र्याचा डबा आहे का ते पाहा. त्यात वाळकाचे बी असेल तर चार दाणे पाकिटात घालून पाठव, राखेसकट पाठव. जुलै संपायच्या आत मिळाले तर यंदाच लावता येईल.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
श्रीपाद