तुझा फोन यादीत राहू दे

सहकारनगर, पुणे
रविवार, दुपार

चि. सौमित्र यास अनेक आशीर्वाद.

परवा तू चिडलास आणि मीही नको ते बोलले. पुन्हा फोन केला तर पुन्हा तेच होईल, म्हणून कागद घेऊन बसले आहे. तुझ्या झोपेबद्दल यात एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवलंय. घरच्या सर्व्हरमधली गाणी हॉलच्या स्पीकरवर लावायला टॅबमध्ये कुठलं ॲप ठेवायचं, तेवढंच लिहिणार आहे.

तू सांगितलेली दोन्ही, मटेरियल आणि स्क्वीझर, आठ-आठ दिवस वापरली. आधी मटेरियल. दिसायला फार छान आहे, अक्षरंही मोठी करता येतात. ते वेगळं ॲप नाहीच, सर्व्हरचंच पान ब्राउझरमध्ये उघडतं, पत्त्यात शेवटी ९००० लागतं, हे सगळं मी डायरीत लिहून ठेवलंय. पण बाबांचा हात. आवाजाच्या पट्टीवर बोट टेकवलं की ते एका जागी राहतच नाही, पुढे घसरत जातं. मंगळवारी सकाळी साडेसहाला हॉलमध्ये तंबोरे एवढ्या मोठ्यानं सुरू झाले की वरच्या काकू गॅलरीत आल्या. काही बोलल्या नाहीत बिचाऱ्या, पण बाबांनी टॅब पालथा घालून ठेवला आणि दिवसभर गाणं लावलं नाही. सोळा तासांत गाणं नाही असं आपल्या घरी कधी झालंय का? टॅबच्या कडेची बटणं मी दाबून पाहिली. पण ब्राउझरमध्ये त्यांनी टॅबचाच आवाज कमीजास्त होतो, हॉलच्या स्पीकरला काही कळत नाही.

स्क्वीझरमध्ये तसं होत नाही. तिथे कडेचं बटण दाबलं की थेट हॉलचा आवाज बदलतो, एका दाबाला थोडाच. बाबा टॅब दोन्ही हातांनी ताटासारखा धरतात, अंगठा आपोआप कडेला येतो. हात हलला तरी टॅबही बरोबरच हलतो, त्यामुळे अंगठा बटणावरून सुटत नाही. हे मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. पहिल्या दिवशी त्यांनी आवाज दोनदा वर नेला, दोनदा खाली आणला, काही ऐकायचं म्हणून नाही, नुसतंच. मग म्हणाले, "जमतंय." माझ्या दृष्टीनं निवड तिथेच झाली. फुकट आहे, दिसायला साधं आहे, अल्बमची कव्हरं बारीक दिसतात. चालेल.

बोलून गाणं लावायचा स्पीकर मात्र पाठवू नकोस. बाबांचा आवाज दिवाळीपासून आणखी बारीक झालाय. मलाच दोनदा विचारावं लागतं, यंत्राला काय ऐकू जाणार? ते "समजलं नाही" म्हणेल आणि बाबा गप्प बसतील. शिवाय महिन्याचे पैसे भरून जे मिळतं त्यात आपल्या कॅसेटी कुठे आहेत?

त्या सुट्टीत तू काय काम केलंस, ते आता टॅबवर यादी सरकवताना कळतं. बारावीची परीक्षा झाली होती, मुलं लोणावळ्याला गेली आणि तू हॉलच्या कोपऱ्यात हेडफोन लावून, हातात पेन्सिल. नव्वद मिनिटांची कॅसेट संगणकावर उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, त्याला दुसरा मार्ग नाही, असं मला समजावून सांगायचास. टेप सैल पडली की पेन्सिल चक्रात घालून हलक्या हातानं फिरवायचास. एका कॅसेटची टेप तुटली तेव्हा तू ती कात्रीनं तिरकी कापून जोडलीस, आणि बाबांनी श्वास रोखला होता. आकाशवाणीवरून त्यांनी स्वतः टेप केलेलं गाणं होतं ते, निवेदिकेच्या आवाजासकट. जोड नेमका समेच्या आधी येतो. अजूनही तिथे बारीक टक् असा आवाज होतो, आणि तो आला की बाबा माझ्याकडे बघून म्हणतात, "सौमित्र."

प्रत्येक गाण्याला जॉनरच्या रकान्यात रागाचं नाव टाकायची युक्तीही तुझीच. परवा पलीकडचे काका आले होते, त्यांना बाबांनी दाखवलं, जॉनर दाबलं की यमन, पूरिया, मारवा, ललत अशी रांग. काका म्हणाले, हे कुठे विकत मिळतं? मी म्हटलं, मिळत नाही, मुलानं केलंय. विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये खंड पडत नाही, हेही मी त्यांना ऐकवलं. सर्व्हरचं नाव आता लिरियन झालंय, ज्या कंपनीच्या गाणी वाजवायच्या यंत्रांसाठी तो होता ती यंत्रं २०१२ सालीच बंद झाली, तरी लोक आपापल्या वेळात तो चालू ठेवतात, इतकं सगळं मीच सांगितलं. तू ऐकायला हवं होतंस.

गुरुवारी वीज गेली. आल्यावर टॅबवर 'सर्व्हर सापडत नाही.' पूर्वी मी घाबरून तुला फोन केला असता. तू म्हणाला होतास की पायकोअरप्लेयर, म्हणजे सर्व्हरच्या त्या छोट्या 'रास्पबेरी पाय' संगणकातली प्रणाली, सुरू होताना सगळा मेमरीत चढून बसतो, त्यामुळे वीज गेली तरी मेमरी कार्डाला सहसा काही होत नाही. म्हणून त्या 'पाय'ला हात लावला नाही, राउटरचं पान उघडलं. त्यानं पायला नवा पत्ता देऊन टाकला होता. तुझ्या कागदावरून जुनाच पत्ता कायमचा बांधून दिला. चाळीस मिनिटं लागली. बँकेत पस्तीस वर्षं खाती जुळवली, हेही जुळलं.

आता सोमवारचं. त्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

सकाळी सात दहाला चहा ठेवून मी हॉलचा आवाज बघायला टॅब उघडला. वर नावावर बोट लागलं आणि प्लेयरची यादी उघडली. हॉल, स्वयंपाकघर, आणि खाली 'सौमित्र फोन', कारण तूही तिथून याच सर्व्हरवरची गाणी ऐकतोस. त्यापुढे मारवा, चालू. मी बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "मारवा? तिथे आत्ता संध्याकाळ आहे का?" तुझं घड्याळ आमच्या साडेचार तास मागे, मी मनात तेवढी मागे गेले. रात्रीचे दोन वाजून चाळीस मिनिटं. बाबांना सांगितलं नाही. ते गेल्यावर मी तुझ्या नावावर बोट ठेवलं आणि थांबवलं.

तुझं खरं आहे, ते मी करायला नको होतं. तुझा फोन तुझ्या उशाशी आहे, इथून त्यात हात घालायचा मला अधिकार नाही. पण सौमित्र, ते एकाच रात्रीचं असतं तर मी थांबवलं नसतं. शुक्रवारी तीन, शनिवारी सव्वादोन. मी रोज बघत होते, हे तुला आता कळलं तर कळू दे. मुद्दाम बघत नव्हते असंही म्हणणार नाही. माणसाला सात-आठ तास झोप लागतेच. झोप नाही तर डोकं चालत नाही, पित्त वाढतं, मग जेवण जात नाही, मग आणखी जागरण. तुझ्या मामाचं असंच सुरू झालं होतं. आधी नुसतं गाणं ऐकतोय म्हणायचा. नगरला जे झालं ते तू लहान होतास म्हणून तुला सगळं सांगितलं नाही, आणि आता पत्रातही सांगणार नाही. पण मला त्या वेळी कळलं नव्हतं, आणि मी त्याच्या शेजारच्या खोलीत होते.

हे बघ, लिहायचं नाही म्हटलं आणि लिहिलंच. माफ कर. खोडायचं म्हटलं तर पान घाण होईल.

फोनवर तू म्हणालास, तुम्ही दोघं रमणबागेत सवाईला रात्र रात्र बसायचात ते चालत होतं. बसायचो. तेव्हा ते पहाटेपर्यंत चालायचं, आणि बाबा मला शाल देऊन स्वतः कुडकुडायचे. पण त्या वर्षातल्या तीनच रात्री होत्या, सतरंजीवर आजूबाजूला हजारो माणसं, मध्ये चहा, आणि सकाळी घरी येऊन आजी हाक मारेपर्यंत झोप. एकट्यानं खोलीत अडीच वाजता मारवा ऐकणं मला त्यातलं वाटत नाही. तसं ते असेलही. तिथे काम रात्री उशिरा संपत असेल, तुला तेवढाच वेळ मिळत असेल. तू सांगितलं नाहीस आणि मी विचारायच्या ऐवजी बटण दाबलं.

एक मात्र सुचवते, आणि हे तुझ्या सर्व्हरचंच आहे, माझं नाही. त्यात स्लीप आहे. पंधरा, तीस, पंचेचाळीस मिनिटं, जे हवं ते लाव, आपोआप बंद होतं. बाबांना दुपारी मी तीस लावून देते. तूही लाव. गाणं ऐकतच झोप, पण फोन सकाळपर्यंत वाजत राहायला नको. जमलं तर. नाही जमलं तर राहू दे.

तू म्हणालास, तुझा फोन यादीतून काढून टाकतो, तुम्हाला हॉल तेवढा दिसेल, सोपं पडेल. आम्हाला तीन नावं जड नाहीत. हॉल एकदा निवडला की ॲप तिथेच राहतं, बाबांना यादीत जावंच लागत नाही. तुझा फोन तिथून आपल्या सर्व्हरला जोडणारं ते टेलस्केल की काय, ते बंद करू नकोस. तुझं नाव तिथे राहू दे. मी बोट लावणार नाही, वचन देते. गाणं कुठलं लावलंयस ते बघेन, तेवढी मुभा दे. कधी तुझ्या नावापुढे यमन असला आणि तुझ्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असले, की मला इथे साडेअकराला बरं झोपता येतं.

बाबांचं पुढच्या बुधवारी डॉक्टरांकडे जाणं आहे. गोळी वाढवतील बहुतेक. त्यांना तू यायची तारीख विचारायची आहे, पण ते विचारत नाहीत, मीच लिहिते. मेतकूट आणि डिंकाचे लाडू पाठवले आहेत, लाडू मोजून दोन रोज, एकदम संपवू नकोस. खाली सही बाबांनी स्वतः केली आहे, वाचता येत नसली तरी त्यांचीच आहे.

तुझी,
आई

ता. क. बाबा विचारतात, जॉनरच्या यादीत मारवा दोनदा का येतो? एक तू मराठीत लिहिलायस आणि एक इंग्रजीत. दोन्ही एकत्र कसे करायचे ते सावकाश कळव. दिवसा कळव.