सुलभास पत्र : डॉ. क्रिस्टीन ग्रँट यांच्याविषयी

आयोवा सिटी,
दि. १२ ऑक्टोबर २०२४

प्रिय सुलभा,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र वाचल्यापासून मन त्यातच आहे. विद्यापीठाच्या क्रीडा मंडळावर ये असे निमंत्रण आले आहे, पण मैदान सोडून कागदांत अडकायचे का, हा तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. त्याचे उत्तर देण्याऐवजी या गावात २७ वर्षे मुलींच्या खेळांचा कारभार पाहिलेल्या एका बाईंविषयी तुला सविस्तर लिहावे, असे मला वाटले.

त्यांचे नाव डॉ. क्रिस्टीन ग्रँट. जन्म १९३६ चा, स्कॉटलंडमधल्या बोनेस या फोर्थच्या खाडीकाठच्या गावचा. शारीरिक शिक्षणाचे रीतसर शिक्षण स्कॉटलंडमध्येच झाले, पुढे कॅनडात त्यांनी मुलींना हॉकी शिकवली आणि तिथून त्या अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात, म्हणजे इथे, शिकायला आल्या. म्हणजे मुळात त्या तुझ्यासारख्याच, शिट्टी गळ्यात घालून मैदानावर उभ्या राहणाऱ्या. १९७३ मध्ये, डॉक्टरेटचे काम अजून हातात असताना, विद्यापीठाने त्यांना मुलींच्या क्रीडा विभागाच्या संचालक नेमले. मुलांचा विभाग वेगळा, मुलींचा वेगळा, अशी ती रचना होती आणि २००० साली त्या निवृत्त होईपर्यंत ती तशीच राहिली. आपला अर्थसंकल्प आपण मांडायचा आणि आपली माणसे आपण नेमायची, यावर त्यांचा कटाक्ष होता.

त्या वेळची परिस्थिती तुला ठाऊक असायला हवी. जून १९७२ मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढेच सांगणारे त्याचे मुख्य वाक्य ३७ शब्दांचे आहे आणि त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. त्यामुळे खेळाच्या बाबतीत समानता म्हणजे नेमके काय, हा वाद पुढची कित्येक वर्षे चालला. ज्या खेळांतून उत्पन्न मिळते ते, म्हणजे मुख्यतः अमेरिकन फुटबॉल, या कायद्यातून वगळावेत असा प्रस्ताव १९७४ मध्ये सिनेटर जॉन टॉवर यांनी मांडला होता. तो टिकला नाही. खेळासंबंधीचे नियम ठरवताना सरकारने ज्या जाणकारांचा सल्ला घेतला, त्यांत ग्रँटबाई होत्या. पुढेही संसदेच्या समित्यांपुढे आणि न्यायालयांत त्यांनी साक्षी दिल्या. सरावाची वेळ कोणाला कोणती मिळते, प्रवास कसा होतो, शिष्यवृत्त्या किती, प्रशिक्षकांचा पगार किती, यांवरच समानता ठरते, हे त्यांचे म्हणणे होते. आपल्या खो-खोच्या संघाला मुलांचा सराव आटोपल्यावर, दिवेलागणीला मैदान मिळायचे, आणि अंधारात पायात खांब आला म्हणून तुझा घोटा मुरगळला होता, ते आठवते? त्या वेळी आपण दैवाला दोष दिला. तो वेळापत्रकाचा दोष होता, हे मला इथे येऊन कळले.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा पराभव मला फार अस्वस्थ करतो. मुलींच्या महाविद्यालयीन खेळांसाठी स्त्रियांनीच चालवलेली ‘एआयएडब्ल्यू’ नावाची राष्ट्रीय संघटना १९७१ मध्ये उभी राहिली होती आणि १९८०-८१ मध्ये ग्रँटबाई तिच्या अध्यक्ष होत्या. नेमक्या त्याच सुमारास ‘एनसीएए’ने, म्हणजे तोवर महाविद्यालयीन मुलांच्याच खेळांचा कारभार पाहणाऱ्या ज्या राष्ट्रीय संघटनेने टायटल नाइनला आधी कडाडून विरोध केला होता तिनेच, मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धा भरवायचे ठरवले. त्यांच्याकडे पैसा होता, दूरचित्रवाणीचे करार होते. महाविद्यालये तिकडे वळली आणि १९८२ मध्ये एआयएडब्ल्यूचे काम थांबले. तिने एनसीएएवर केलेला खटलाही ती हरली. मुलींच्या संघांना त्यातून साधने मिळाली, हे नाकारता येणार नाही. परंतु निर्णय घेणाऱ्या खुर्च्या स्त्रियांच्या हातून गेल्या. १९७२ मध्ये मुलींच्या ९० टक्क्यांहून अधिक संघांना स्त्री प्रशिक्षक होत्या, आज ते प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. ग्रँटबाई अखेरपर्यंत हे दुखणे बोलून दाखवत. तुझा प्रश्न वाचल्यावर मला पहिल्यांदा हेच आठवले.

संघटना गेली, पण त्या खचल्या नाहीत. १९८३ मध्ये त्यांनी व्हिव्हियन स्ट्रिंगर यांना बास्केटबॉलच्या प्रशिक्षक म्हणून आणले. इथले कार्व्हर-हॉकआय क्रीडागृह टेकडीच्या पोटात खणलेले आहे. आपण रस्त्याच्या पातळीवर आत शिरतो आणि मैदान खोल खाली दिसते. मी तिथे पहिल्यांदा गेले, तेव्हा वरच्या पायरीवर बराच वेळ नुसती उभी राहिले. ३ फेब्रुवारी १९८५ रोजी, ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्धच्या सामन्याला, सुमारे १५,५०० आसनांच्या या जागेत २२,१५७ माणसे आली आणि पायऱ्यापायऱ्यांवर बसली. महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलचा तो तेव्हाचा गर्दीचा उच्चांक होता. आयोवा तो सामना हरली, तरी इथली वयस्क माणसे त्या दुपारविषयी घरातल्या लग्नासारखे बोलतात. पुढच्याच वर्षी जूडिथ डेव्हिडसन यांच्या हॉकी संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आयोवाच्या मुलींचे ते पहिले. बाईंचा स्वतःचा खेळ तो! आज इथल्या हॉकीच्या मैदानाला त्यांचेच नाव आहे.

३१ डिसेंबर २०२१ रोजी त्या गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये इथल्या फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मुलींचा बास्केटबॉलचा सामना झाला आणि तो पाहायला ५५,६४६ लोक आले. ज्या फुटबॉलला कायद्यातून वगळा म्हणत होते, त्याच फुटबॉलच्या मैदानात! गर्दीत माझ्या पुढे आठ-नऊ वर्षांची एक मुलगी वडिलांच्या खांद्यावर बसली होती. मला राहून राहून वाटत होते की हे पाहायला बाई हव्या होत्या.

त्यांची कागदपत्रे इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, आयोवा स्त्री अभिलेखागारात, जपून ठेवली आहेत. (तो अभिलेखागार उभारायला लुईज नून या बाईंनी आपल्या संग्रहातले फ्रिदा काहलो या मेक्सिकन चित्रकर्तीचे चित्र विकले होते, हे तुला आवडेल.) कागदांत अडकायचे का, असे तू विचारतेस. या बाईंची अर्धी लढाई कागदांवरच झाली, सुलभा.

मंडळाची पहिली बैठक कधी आहे ते कळव. त्याआधी तुमच्या महाविद्यालयात मैदान कोणत्या वेळी कोणाकडे असते, त्याचा आठवड्याचा तक्ता करून मला पाठव. आपण दोघी मिळून तो पाहू. घोट्याला अजून थंडीत कळ येते का, तेही लिही.

तुझी,
माधवी