लोकवाद्य शिबिराच्या मास्तरांना अनावृत आभारपत्र

आदरणीय मास्तर,

सादर प्रणाम.

आमच्या मंडळाच्या उन्हाळी लोकवाद्य शिबिरात आपण ज्या रीतीने शिकवलेत, त्याबद्दलचे आभार मी जाहीरपणे मानत आहे, कारण अशी शिबिरे भरवणाऱ्या इतर मंडळांनाही त्या रीतीचा उपयोग व्हावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

शिबिरासाठी नावे आली, त्यांत जत्रांमधून वर्षानुवर्षे हलगी वाजवणारे होते, भजनी मंडळात टाळ धरणाऱ्या महिला होत्या आणि वाद्याला कधी हातही न लावलेली शाळकरी मुले होती. या सर्वांचे वेगवेगळे वर्ग करावेत, असा बहुतेकांचा आग्रह होता. आपण तो मानला नाही. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी, म्हणजे मागून सूर धरून साथ करणारे, उभे असतात, खंडोबाच्या जागरणात दिमडी या लहान चर्मवाद्याच्या सोबतीला तुणतुणे हे एकतारी वाद्य असते. म्हणजे मुरलेल्याला आणि नवख्याला एकत्र बसवण्याची सोय आपल्या लोककलांनीच करून ठेवली आहे, शिक्षकाने फक्त ज्याची त्याची जागा ओळखायची, असे आपले म्हणणे होते.

पहिल्या सकाळी आपण कोणाच्याही हाती वाद्य दिले नाही. ८ मात्रांचा केरवा हा ताल सर्वांनी टाळीवर धरला, ‘धा गे ना ती न क धी ना’ हे बोल तोंडी बसेपर्यंत म्हटले, आणि लय सर्वांत नवख्या माणसाला झेपेल एवढीच राहिली. त्यानंतर त्याच ठेक्याची वाटणी झाली. मुलांनी दिमडीवर केवळ सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, द्यायची, महिलांनी टाळावर मात्रा सांभाळायच्या, हलगीने पूर्ण ठेका धरायचा आणि ढोलकीने मध्ये उठाण, म्हणजे जोरकस बोल, आणि शेवटी तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणे, घ्यायची. यातली सर्वांत मोलाची सूचना मला ही वाटली की, ज्याचा हात अडखळेल त्याने वाजवणे थांबवू नये, तर फक्त समेवर यावे आणि सावरल्यावर पुन्हा ठेका धरावा. त्यामुळे कोणीही घोळक्याबाहेर पडले नाही.

जाणकारांना कंटाळा येईल, ही आमची भीतीही आपण खोटी ठरवलीत. संथ लयीत घट्ट ठेका धरणे हे जलद वाजवण्यापेक्षा अवघड असते, हे आपण त्यांच्या हातांनीच त्यांना पटवून दिलेत. बंद सभागृहात हलगी इतर सर्व वाद्यांना गिळून टाकते. आपण त्या वादकांना जाड काठी बाजूला ठेवायला लावून निव्वळ बारीक काडीवर, तुणतुण्याची तार ऐकू येईल इतक्या हलक्या हाताने वाजवायला सांगितलेत. मैदानावर घुमणाऱ्या त्या हातांचा तेव्हा खरा कस लागला.

संधिवाताने बोटे आखडलेल्या एका आजींना ढोलकी जमण्यासारखी नव्हती. संबळ काठ्यांनी वाजते, म्हणून आपण त्यांना संबळाकडे वळवलेत. मात्र संबळ ही गोंधळी समाजाची देवीपुढची सेवा आहे, याची जाण ठेवून शिबिरातल्या गोंधळी बंधूंची आधी संमती घेतलीत आणि पहिला धडाही त्यांच्याकडूनच देवविलात. लोकवाद्ये शिकवताना ज्यांनी ती जपली त्यांना बाजूला सारण्याची चूक हल्ली सर्रास होते, आणि म्हणून आपली ही कृती मला फार मोठी वाटते.

गाण्याची पट्टी, म्हणजे सुराची उंची, ठरवतानाही आपण आधी गाणाऱ्यांचे गळे ऐकलेत आणि मगच ढोलकीच्या दोऱ्या ओढल्यात. झील म्हणणाऱ्या मुलांना त्यामुळे ओरडावे लागले नाही.

शिबिरानंतरही ही मंडळी आठवड्यातून एकदा एकत्र बसतात, आणि जुने हलगीवादक मुलांसाठी आपण होऊन लय उतरवतात. पुढच्या उन्हाळ्यात ६ मात्रांचा दादरा ताल घ्यावा, अशी सर्वांची विनंती आहे. आपल्या सवडीप्रमाणे आपण तारीख कळवावी. सभागृहाची व्यवस्था आम्ही त्यानुसार करू.

आपला कृतज्ञ,
मंडळाचा एक कार्यकर्ता