इंजिन निवडण्याआधी रेडिएटरची जागा मोज

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या माझदा एमएक्स-५ या दोन आसनी स्पोर्ट्स कारमधले मूळ १.६ लिटरचे इंजिन काढून त्या जागी रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारे इंजिन, बसवायचे तुझे पक्के झाले आहे आणि आता फक्त कोणते रोटरी एवढेच ठरवायचे राहिले आहे, असे तू लिहितोस. मात्र पुढचा मजकूर वाचल्यावर तुझा जीव माझदाच्या तीन रोटरच्या २०बी इंजिनावर जडला आहे हे लपत नाही, आणि माझ्याकडून तुला सल्ला कमी व होकार जास्त हवा आहे, असेही मला वाटले. तो होकार मी देणार नाही. का, ते जरा सविस्तर लिहितो.

रोटरी इंजिन किती अश्वशक्ती देते हे पाहून निवडणारे बहुतेक जण पुढे अडचणीत येतात. त्या इंजिनाची उष्णता गाडीच्या पुढच्या तोंडातून बाहेर काढता येईल का, हा पहिला प्रश्न असायला हवा. माझदाच्या दोन रोटरच्या १३बी इंजिनाची क्षमता कागदावर १३०८ सीसी, म्हणजे प्रत्येक रोटरमागे ६५४ सीसी, अशी लिहिलेली असते आणि त्यामुळे हे लहानसे इंजिन आहे असा समज होतो. प्रत्यक्षात शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरमागे एकदा ज्वलन होते, त्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांत ते २.६ लिटरच्या चार-स्ट्रोक इंजिनाइतकी हवा ओढते. शिवाय त्याचा ज्वलनकक्ष लांबट आणि चपटा असल्याने उष्णतेचा मोठा वाटा धातूत मुरतो. ज्वलन कायम हाउसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या, एकाच बाजूला होते. ती बाजू सतत तापलेली राहते आणि इनटेकची बाजू सतत थंड. हा ताण रेडिएटरवर जसा येतो तसाच तेलावरही येतो, कारण रोटर आतून तेलानेच थंड केले जातात. एकूण उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश तेल वाहून नेते असा हिशेब या क्षेत्रातले लोक धरतात, त्यामुळे तेलाचा कूलर येथे ऐच्छिक राहत नाही. माझदाने एफडी, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या, आरएक्स-७ या रोटरी स्पोर्ट्स कारच्या जास्त जोरदार आवृत्त्यांना दोन-दोन ऑइल कूलर दिले, ते उगाच नव्हे.

आता तुझ्या गाडीचे तोंड आठव. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ ला पुढे एकच लहान फट आहे. रेडिएटर, ऑइल कूलर आणि टर्बो असेल तर त्याने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, या तिघांना त्याच फटीतून हवा मिळायची आहे. हे तिघे एकामागे एक रचले तर शेवटच्याच्या वाट्याला आधीच तापलेली हवा येते. म्हणून टेप घेऊन आधी ती जागा मोज. इंजिनाचा विचार त्यानंतर.

या मोजमापात २०बी टिकत नाही. इंजिन सुंदर आहे, याबद्दल माझे दुमत नाही: १९९० साली माझदाच्या युनोस कॉस्मो गाडीमध्ये आलेले, १९६२ सीसीचे, दोन टर्बोंसह २८० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) देणारे आणि ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क मिनिटाला अवघ्या ३००० फेऱ्यांवर हाती ठेवणारे. पण दोन रोटरचे इंजिन आखूड असल्यामुळे पुढच्या आसामागे ढकलता येते, आणि हलक्या गाडीत रोटरी बसवण्याचे अर्धे सुख त्यातच आहे. तिसरा रोटर आला की एक हाउसिंग आणि एक जाड प्लेट इतकी लांबी वाढते. त्यातली ८० मिलिमीटर तर केवळ हाउसिंगची रुंदी झाली. ही लांबी पुढे गेली तर रेडिएटरची जागा खाते, मागे गेली तर फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधली भिंत) कापावी लागते. कॉस्मो फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह विकली गेली, त्यामुळे मॅन्युअलसाठी फ्लायव्हीलपासून सारी जुळवाजुळव तुलाच करावी लागेल. त्याचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असून निमुळत्या जोडाने जोडलेला असतो. तो नीट बसवू शकणारे हात मोजकेच आहेत. तुला खरी भुरळ आवाजाची आहे, हे मी जाणतो. १९९१ साली ल मांची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी चा आवाज ऐकून रोटरीच्या नादी लागलेला तू काही एकटा नाहीस. मात्र त्या गाडीत चार रोटर होते, पोर्ट (हवा-धुराची तोंडे) थेट हाउसिंगच्या परिघात उघडणारे होते, आणि घरी परतताना सिग्नलला थांबण्याची तिच्यावर कधी वेळ आली नाही.

दुसऱ्या टोकाला रेनेसिस आहे, म्हणजे आरएक्स-८ मधले १३बी-एमएसपी. सहज मिळते, स्वस्तही मिळते, आणि त्याचा स्वस्तपणा पाहूनच सावध व्हावे. कल्पना उत्तम होती: एक्झॉस्टचे पोर्ट परिघातून काढून बाजूच्या प्लेटमध्ये नेले, त्यामुळे इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडे राहण्याचा प्रकार संपला, आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचे संथ चालणे) शांत झाले आणि उत्सर्जन घटले. जास्त ताकदीच्या सहा-पोर्ट आवृत्तीला ९००० फेऱ्यांची मर्यादा होती आणि टर्बो नसूनही अमेरिकेत ती २३२ अश्वशक्तीची म्हणून विकली गेली. तक्रार तेलाबद्दल होती. कक्षात तेल सोडणाऱ्या नळ्या कडेला असल्याने एपेक्स सीलच्या (रोटरच्या टोकावरच्या पट्टीच्या) मध्यभागी ते पुरेसे पोचत नसे आणि सील तिथेच झिजत असे. २००९ च्या सुधारित आवृत्तीत माझदाने मधली तिसरी नळी वाढवली. २००४ ते २००८ मधल्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी अमेरिकेत ८ वर्षे किंवा १,००,००० मैलांपर्यंत वाढवावी लागली, यावरून या दुखण्याचा आवाका लक्षात येईल.

तरीही रेनेसिस मी बाद करत नाही. एमएक्स-५ चे वजन आणि स्वभाव पाहता टर्बोविना रेनेसिस हा सर्वांत सुसंगत जोड ठरू शकतो: इंटरकूलर लागत नाही, त्यामुळे पुढची सारी हवा रेडिएटर आणि ऑइल कूलरला मिळते, आणि ॲक्सिलरेटर दाबताच प्रतिसाद येतो. अट एकच, त्याला टर्बो लावायचा मोह नको. कॉम्प्रेशन (कक्षात हवा दाबली जाण्याचे प्रमाण) आधीच १०:१ आहे, आणि मधल्या प्लेटमध्ये दोन्ही रोटरचा धूर एकाच सामाईक पोर्टमधून बाहेर पडतो; त्या वाटेतून टर्बोला जोरकस झोत मिळत नाही, उलट उष्णता तिथेच कोंडते. बदल करणाऱ्यांनी हे करून दाखवलेले नाही असे मुळीच नाही, पण तितक्याच कष्टात १३बी-आरईडब्ल्यू, म्हणजे एफडी आरएक्स-७ मधले टर्बोचे इंजिन, मिळते.

आणि तुला टर्बो हवाच आहे, म्हणून माझे बोट १३बी-आरईडब्ल्यू वर आहे. १९९१ च्या अखेरीस एफडी आरएक्स-७ बरोबर ते आले आणि २००२ पर्यंत बनले. सुरुवातीला २५५ पीएस, १९९९ पासून २८० पीएस. कॉम्प्रेशन ९:१, एक्झॉस्ट परिघातून, धुराला सरळ वाट. मूळ व्यवस्थेत दोन टर्बो एकापाठोपाठ काम करतात. पहिला खालच्या फेऱ्यांवर आणि दुसरा साधारण ४५०० नंतर. त्यांना चालवणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळ्या, सोलेनॉइड आणि झडपा यांचे जे जाळे इंजिनावर पसरलेले असते, ते उष्णतेने कडक होऊन तडकते, आणि मग बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) का कमी येतो हे शोधण्यात मालकाचे आयुष्य सरते. स्वॅपमध्ये, म्हणजे इंजिन बदलताना, हे जाळे सोबत आणू नकोस. मध्यम आकाराचा एकच टर्बो, बूस्ट आवरता, आणि ३०० अश्वशक्तीच्या आसपास थांबायचा निर्धार, एवढे माझ्या मते पुरे आहे. एक टनाहून कमी वजनाच्या गाडीत हा आकडा चेहऱ्यावरचे हसू पुसून टाकायला पुरेसा आहे. त्याहून फार वर गेल्यास मागच्या प्लेटमध्ये डॉवेल पिनांच्या (प्लेटा जागेवर धरणाऱ्या खुंट्यांच्या) जागी तडे जाण्याची भीती असते, कारण प्लेटा आणि हाउसिंग थरावर थर रचून लांब बोल्टांनी आवळलेले असतात आणि टॉर्क त्या रचनेला पिळतो.

एफसी, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७, मधले १३बी-टी हाही चांगला पर्याय आहे. एकच टर्बो, साधी मांडणी. पण ही इंजिने १९८६ ते १९९१ मधली आहेत, आणि इतक्या वयाच्या इंजिनात आतून काय उरले आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही.

यावरून मूळ मुद्दा निघतो: तू इंजिनाचा प्रकार निवडत आहेस, पण विकत घेणार आहेस एक विशिष्ट इंजिन. साधा कॉम्प्रेशन गेज रोटरीला उपयोगाचा नाही, कारण तो रोटरभोवतीच्या तीन कक्षांपैकी सर्वांत चांगल्याचाच आकडा धरून ठेवतो. रोटरीचा वेगळा टेस्टर प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे तीन आकडे देतो आणि स्टार्टरने इंजिन किती वेगाने फिरले हेही नोंदवतो. हा वेग महत्त्वाचा. माझदाच्या मर्यादा २५० फेऱ्यांना धरून आहेत, आणि ताजी दणकट बॅटरी लावून इंजिन ३०० ने फिरवले की मरायला टेकलेल्या इंजिनाचे आकडेही देखणे दिसतात. रेनेसिससाठी किमान ६.९ किलो प्रति चौ. सेंमी आणि कक्षांमधला फरक १.५ हून अधिक नाही, हे लक्षात ठेव. तीन आकड्यांपैकी एकच खाली असेल तर एखादा साइड किंवा कॉर्नर सील गेला असण्याची शक्यता आहे. लागोपाठचे दोन खाली असतील तर त्यांच्यामधल्या एपेक्स सीलवर संशय घे, कारण एक एपेक्स सील दोन कक्षांची भिंत असतो.

आरईडब्ल्यू असेल तर आणखी एक गोष्ट कर. टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवलेले असेल तर पोर्टमधून टॉर्च मारून पाना लावून शाफ्ट हळूहळू फिरव. रोटरचे टोक पोर्टपाशी येताच काळपट धातूची दोन मिलिमीटरची सरळ पट्टी दिसेल. तोच एपेक्स सील. लाकडी काडीने त्याला हलकेच दाब. तो आत जाऊन स्प्रिंगच्या जोराने परत यायला हवा. अडकला असेल, कडेला टवका उडालेला दिसला, किंवा हाउसिंगच्या चकचकीत क्रोमवर बोटाला आडव्या लाटा जाणवल्या, तर ते इंजिन पुन्हा बांधायचे इंजिन आहे असे समजूनच भाव कर. जपानी अभियंत्यांनी सुरुवातीच्या काळात या लाटांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हटले होते. रेनेसिसमध्ये मात्र एक्झॉस्ट बाजूला असल्याने ही तपासणी जमत नाही. तिथे टेस्टरवरच भिस्त.

विक्रेता इंजिन चालू करून दाखवत असेल तर ते पूर्ण थंड असताना पोच. सुरू होताच गोडसर वासाचा पांढरा धूर आला आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहिले, तर कूलंट सील गेलेले आहे. ॲल्युमिनियमची हाउसिंग आणि लोखंडी प्लेटा तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून एकदा नीट ओव्हरहीट झालेले रोटरी सहसा पूर्वीसारखे राहत नाही.

बाकीच्या खर्चाकडे तू पत्रात दुर्लक्ष केले आहेस. एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) यांना जोडणारी एक लांब चौकट असते. एफसीचा गिअरबॉक्स घेतलास तर त्याला ही चौकट जोडता येत नाही. मग गिअरबॉक्सला स्वतंत्र आडवा आधार आणि डिफरन्शियलच्या तोंडाला वेगळी पकड करावी लागेल. १.६ मधले ६ इंची डिफरन्शियल या टॉर्कपुढे टिकणार नाही, १.८ मधले ७ इंची बसवणे ही किमान गरज आहे. मूळ ईसीयूवर (इंजिनाच्या नियंत्रण संगणकावर) भरवसा ठेवू नकोस, स्वतंत्र ईसीयू घे, आणि ट्यूनिंग रोटरीच जाणणाऱ्याकडून करून घे. मिश्रण पातळ होऊन एकदा जरी डेटोनेशन (इंधनाचा अनियंत्रित स्फोट) झाले तरी एपेक्स सील तुटतो, आणि त्याचा तुकडा एक्झॉस्टमधून बाहेर पडताना टर्बोची चाकेही घेऊन जातो. ऑइल मीटरिंग पंप (कक्षात वंगणाचे तेल सोडणारा) काढून टाकलास तर प्रत्येक वेळी टाकीत टू-स्ट्रोक तेल मिसळायला विसरू नकोस. लिटरमागे ५ ते ८ मिलिलिटर पुरते. पोर्टिंगच्या, म्हणजे पोर्ट कोरून मोठे करण्याच्या, बाबतीत स्ट्रीट पोर्ट या सौम्य प्रकाराच्या पलीकडे जाऊ नकोस. त्याहून जास्त कोरलेल्या ब्रिज पोर्टचे डचमळते आयडल कानाला गोड लागते, पण रहदारीत क्लच सोडताना त्याची खरी किंमत कळते.

सायलेन्सर जाड पत्र्याचाच घे. रोटरीचा धूर इतका गरम असतो की साधा सायलेन्सर आतून जळून जातो.

आता बंपर काढून रेडिएटरच्या जागेची रुंदी, उंची आणि खोली मोजून मला कळव. तसेच क्रॉसमेंबर (इंजिनाखालचा आडवा बीम) आणि फायरवॉल यांमधले अंतरही. खोली कमी भरली तर आपण रेनेसिसकडे वळू, जास्त भरली तर आरईडब्ल्यू आणि इंटरकूलरची मांडणी कागदावर आखून पाठवतो. तोपर्यंत २०बी वाल्याला आगाऊ रक्कम देऊ नकोस.

तुझा,
अभय